मेटल डिटेक्टरचा आवाज ओळखायला शिकताना

सांजवारा (लिंकनशायर, इंग्लंड)

नमस्कार. ऑगस्टअखेरपासून मी मेटल डिटेक्टर घेऊन शेतात जाऊ लागले आहे. गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याने गव्हाची कापणी झाल्यापासून पुढची पेरणी होईपर्यंत आपल्या दोन शेतांत फिरण्याची लेखी परवानगी दिली आहे. माझे यंत्र मध्यम किमतीचे आहे. पडद्यावर 0 ते 99 असा आकडा येतो आणि कानात तीन सूर ऐकू येतात: लोखंडाला खालचा, शिसे-पितळ-अॅल्युमिनियम वगैरेंना मधला आणि चांदी-तांब्याला वरचा.

मागच्या रविवारी जे घडले त्यावरून हा धागा काढावासा वाटला. धसकटांत एका जागी 58 हा आकडा इतका ठाम आला की मी जवळजवळ धावतच गुडघे टेकले. हातभर रुंद ढेकूळ काढले आणि निघाली शीतपेयाच्या डब्याची ओढकडी. तिथून दहा पावलांवर एक बारीक, तुटक आवाज आला. आकडा आधी 41, मग 46, मग नुसती शांतता. कचरा असेल असे समजून मी पुढे गेले. माझ्याबरोबर एक अनुभवी गृहस्थ होते. ते त्याच जागी थांबले, कॉइल (यंत्राची जमिनीवरून फिरवायची चकती) अगदी हळू फिरवत दोन मिनिटे नुसते ऐकत राहिले आणि मग त्यांनी खणले. चांदीच्या पेनीचा चतकोर निघाला, माझ्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान. त्यावरच्या क्रूसाची एक भुजा स्पष्ट दिसत होती. इंग्लंडात तेव्हा सुटे पैसे नसत म्हणून लोक पेनी क्रूसाच्या रेषेवर कापून अर्धी आणि पाव करून वापरत, आणि पहिल्या एडवर्डने 1279 मध्ये नवी नाणी पाडून गोल अर्धपेनी व फार्दिंग (पाव पेनी) चलनात आणल्यावर ही कापाकापी थांबली, असे त्यांनी सांगितले. म्हणजे तो तुकडा साडेसातशे वर्षांच्या आसपासचा आणि मी त्यावरून पाय टाकून गेले होते.

आकड्यावर भरवसा ठेवायचा की कानावर? आणि तुटक आवाजाच्या खाली कचरा आहे की नाणे, हे खणण्याआधी कितपत कळू शकते?

जुनी पायवाट (सफोक, इंग्लंड)

सांजवाराताई, हा प्रश्न पहिल्या दोन महिन्यांतच पडला हे चांगले झाले, कारण आकड्यावर विसंबून राहायची सवय एकदा लागली की ती मोडायला फार वेळ जातो.

आधी आकडा कुठून येतो ते पाहू. कॉइलमधून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र जरा उशिराने कॉइलकडे परत येते. यंत्र तो उशीर मोजते आणि त्याला आकड्याचे रूप देते. वस्तू जाड, रुंद आणि वीज सहज वाहून नेणारी असेल तर उशीर जास्त आणि आकडा वरचा; पातळ किंवा लहान असेल तर आकडा खालचा. याचा अर्थ असा की आकड्यात धातू, जाडी, आकारमान, घडण आणि जमिनीतली ठेवण हे सगळे एकत्र कालवलेले असते. सोन्याची नाजूक अंगठी आणि ओढकडी एकाच आकड्यावर येतात ते यामुळेच. अख्खी पेनी साधारण 1.4 ग्रॅमची, तिच्या चतकोराचे वजन ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे भरेल. इतक्या लहान तुकड्यात प्रवाहाला फिरायला जागाच नसते, म्हणून धातू चांदीचा असूनही तो चांदीच्या आकड्यावर कधी येणार नाही.

खोलीचाही परिणाम होतो. वस्तू जितकी खोल, तितका मातीतल्या लोहखनिजांचा आवाज तिच्या आवाजात मिसळतो आणि आकडा डगमगू लागतो. वीतभर खोल असलेले चांगले नाणे स्थिर आकडा देईल अशी अपेक्षाच ठेवू नये.

मग कशावर विसंबायचे? माझ्या मते सगळ्यांत मोठी खूण म्हणजे पुनरावृत्ती. कॉइल डावीकडून उजवीकडे नेली, परत आणली आणि दोन्ही वेळा त्याच बिंदूवर आवाज आला, तर तिथे काहीतरी आहे, मग आकडा दहा घरे इकडेतिकडे पळत असला तरी. त्यानंतर त्या जागेभोवती पावले टाकत काटकोनात फिरा आणि पुन्हा ऐका. गोल वस्तू सगळ्या बाजूंनी सारखीच बोलते. खिळा एका बाजूने गोड सूर देतो आणि काटकोनात गेल्यावर गुरगुरतो किंवा गप्प होतो. तुमच्या सोबत्यांनी त्या दोन मिनिटांत बहुधा हेच केले असावे.

आवाजाच्या कडाही ऐकायला शिका. नाण्याचा आवाज जिथे सुरू व्हायला हवा तिथे सुरू होतो आणि तिथेच संपतो. चुरगळलेल्या पत्र्याचा आवाज फाटल्यासारखा, लांबत जाणारा असतो. अॅल्युमिनियमचा अख्खा डबा चांदीइतका वरचा सूर देऊन नवख्याला फसवतो, पण कॉइल हळूहळू गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचला: नाणे केव्हाच विरून जाईल आणि डबा तरीही ओरडत राहील.

पहिले शंभर तास, दोन्ही दिशांनी पुन्हा येणारा प्रत्येक आवाज खणा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ओढकडी निघाली तरी ते खणणे वाया गेलेले नसते, कारण आवाज आणि वस्तू यांची जोडी कानात त्यामुळेच बसते.

सांजवारा

मनापासून आभार. खिळ्याचे वर्णन वाचताना एक प्रसंग आठवला. जुन्या बांधाच्या कडेला मला वारंवार 90 च्या वरचा आकडा आणि अतिशय उंच सूर येतो, पण खणले की गंजलेले लोखंडच निघते. लोखंडाला खालचा सूर असायला हवा ना? यंत्रात बिघाड आहे का?

जुनी पायवाट

यंत्र ठीक आहे. लोखंड चुंबकीयही आहे आणि वीजवाहकही, त्यामुळे यंत्राला त्याच्याकडून दोन प्रकारची उत्तरे मिळतात. बारीक खिळ्यात चुंबकीय बाजू वरचढ ठरते आणि खालचा सूर येतो. मात्र वस्तू मोठी, चपटी किंवा मधे भोक असलेली असेल, म्हणजे घोड्याचा नाल, वॉशर, साखळीची कडी, नांगराच्या फाळाचा तुकडा, तर प्रवाहाला फिरायला मोकळे रिंगण मिळते आणि ती वस्तू चांदीचा आव आणते. वाकडा, गंजलेला खिळाही टोकाशी असा क्षणभराचा उंच सूर काढतो.

त्याला पकडायची युक्ती अशी. उंच सूर नेमका कुठे येतो ते कॉइलने ठरवा आणि मग पिनपॉइंटचे, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणारे बटण दाबून पाहा. नाणे असेल तर दोन्ही जागा एकच निघतील. लोखंड असेल तर पिनपॉइंट वीतभर बाजूला सरकलेले दिसेल, कारण उंच सूर वस्तूच्या कडेवर उमटतो आणि खरा ऐवज दुसरीकडे असतो. शिवाय आकडा पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला थडकून एकदम खाली कोसळत असेल तर संशय बळावतो. डिस्क्रिमिनेशन लावून लोखंडाचा आवाज पूर्ण बंद केला असेल, तर ही खालची गुरगुर ऐकूच येत नाही आणि उरतो फक्त फसवा उंच सूर. म्हणून शिकण्याच्या काळात लोखंडाचा आवाज बंद करू नये. फार तर तो हळू ठेवावा.

घरी एक प्रयोग करा. धातू नसलेल्या जागी, लाकडी टेबलावर किंवा अंगणात, एक चांदीचे नाणे ठेवा. 1947 च्या आधीचा सिक्सपेन्स जुन्या नाण्यांच्या दुकानात स्वस्त मिळतो. 1920 पूर्वीचा असेल तर 92.5 टक्के चांदीचा आणि 1920 ते 1946 मधला असेल तर निम्म्या चांदीचा. खिशातली आजची पेनी मात्र घेऊ नका. 1992 पासून ती तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते आणि तिच्यावरून कान तयार केलात तर चुकीचा धडा मिळेल. आता त्या नाण्याशेजारी चार बोटांवर एक गंजका खिळा ठेवा आणि कॉइल वेगाने फिरवा. नाणे नाहीसे होईल. वेग निम्मा करा, दिशा बदला, म्हणजे एका ठरावीक कोनात खिळ्याच्या गुरगुरीला चिकटून नाण्याचा छोटासा टणत्कार ऐकू येईल. खिळ्यांनी भरलेल्या जुन्या वस्तीच्या जागेवर चांगल्या वस्तू अशाच दबलेल्या आवाजात सापडतात. यंत्रात रिकव्हरी स्पीडची, म्हणजे एका आवाजानंतर दुसरा ऐकायला यंत्र किती लवकर तयार होते ते ठरवण्याची सोय असेल तर ती वाढवून हाच प्रयोग पुन्हा करा.

खाणवाट (बॅलरॅट, ऑस्ट्रेलिया)

आमच्याकडे नाण्यांपेक्षा सोन्याचा शोध जास्त चालतो. व्हिक्टोरिया राज्यात त्यासाठी ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना घ्यावा लागतो. 1980 मध्ये किंगोवरजवळ केव्हिन हिलियर यांना सुमारे 27 किलोचा ‘हँड ऑफ फेथ’ हा गोळा डिटेक्टरनेच आणि जमिनीखाली जेमतेम फूटभर सापडला, हे इथला प्रत्येक नवशिका सांगतो. मला मात्र गेल्या सहा वर्षांत तांदळाच्या दाण्याएवढेच कण मिळाले आहेत आणि त्यांनी कानाला जे शिकवले ते सांगतो.

इथली माती लोहखनिजांनी इतकी भरलेली आहे की आम्ही बहुधा पल्स इंडक्शन पद्धतीची, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचे छोटे ठोके जमिनीत सोडणारी यंत्रे वापरतो. त्यांत धातूचा आकडा नसतो, हेडफोनमध्ये एक सततची बारीक गुणगुण असते. खोल गेलेला कण स्वतंत्र आवाज करत नाही. गुणगुण किंचित वर उचलली जाते आणि परत जागेवर येते, विहिरीच्या पाण्यावर वाऱ्याची एखादी लहर उठावी तशी. ती लहर ऐकायला आली की तुमच्या यंत्राचे तुटक आवाजही निराळे ऐकू येऊ लागतील.

एक साधी युक्ती तुमच्या शेतातही चालेल. शंका असलेल्या जागी बुटाने बोटभर माती बाजूला सरकवा आणि पुन्हा ऐका. आवाज मातीबरोबर सरकला तर तो वरवरचा कचरा आहे. तो जागेवरच राहून अधिक धारदार झाला तर वस्तू खाली आहे आणि आता तुम्ही तिच्या बोटभर जवळ आला आहात. पसरट, कडा नसलेला आवाज आला आणि कॉइल थोडी उचलताच झटकन गेला, तर बहुतेक वेळा तो लोहयुक्त दगडाचा असतो.

सुरुंगपेर (खडकी, पुणे)

मी बॉम्बे सॅपर्समधून (लष्कराच्या अभियंता दलातून) निवृत्त झालो आहे. छंद म्हणून हे यंत्र मी कधी हाती धरले नाही, पण भूसुरुंग शोधताना कानाची जी शिस्त लागते ती इथे उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट कॉइलची. ती जमिनीला समांतर आणि सारख्या उंचीवर राहिली पाहिजे. नवा माणूस झोक्याच्या दोन्ही टोकांना नकळत हात उचलतो, आणि त्या उचलण्यानेच जमिनीचा आवाज बदलून वस्तूचा भास होतो किंवा असलेली वस्तू निसटते. प्रत्येक झोका आधीच्या झोक्याच्या निम्म्या पट्ट्यावरून गेला पाहिजे. दुसरी गोष्ट कान थकण्याची. आमच्याकडे एक जवान ठरावीक वेळ ऐकत असे आणि मग दुसरा येई, कारण थकलेला कान बारीक आवाज सोडून देतो आणि आपण तो सोडला हे त्याला कळतही नाही. सांजवाराताई, दर अर्ध्या तासाने हेडफोन काढून पाच मिनिटे बसत जा.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. लिंकनशायर दुसऱ्या महायुद्धात विमानतळांनी भरलेला परगणा होता. मोठा, लांबट, जड आवाज आला आणि खणताना दंडगोल किंवा पंखे असलेली लोखंडी वस्तू दिसू लागली तर हात तिथेच थांबवायचा. वस्तू हलवायची नाही, पुसायची नाही, जागेवर खूण करून लांब जायचे आणि 999 वर पोलिसांना कळवायचे.

रानमेवा (जुन्नर)

माझा अनुभव एकाच दिवसाचा आहे, पण तो काळ्या मातीतला आहे. भुईमूग काढताना माझ्या वहिनींची अंगठी शेतात पडली. एका परिचिताने डिटेक्टर दिला. सुरू करताच तो अखंड किंचाळू लागला. आमची माती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात आणि यंत्राला ती सगळीच लोखंडासारखी वाटते. माहितीपुस्तिकेत पाहून ग्राउंड बॅलन्स केला, म्हणजे मोकळ्या जागी कॉइल चार बोटांपासून वीतभर उंचीपर्यंत वरखाली करत राहिलो आणि वरखाली करताना आवाज बदलेनासा झाला तिथे मात्रा पक्की केली. सेन्सिटिव्हिटीही निम्म्यावर आणली. खोली कमी झाली, पण अंगठी वरच पडलेली असणार होती, त्यामुळे काही बिघडले नाही.

तरीही बैलांच्या पत्र्या, त्यांचे खिळे, तारेचे तुकडे आणि औषधांच्या गोळ्यांची चांदी यांनी जीव मेटाकुटीला आणला. शेवटी वहिनींनीच उपाय सुचवला. त्यांच्याकडे त्याच घडणीची दुसरी अंगठी होती. ती दोऱ्याला बांधून त्याच वाफ्यातल्या मातीवर ठेवली, थोडी माती वर लोटली आणि तिचा आवाज दहा-पंधरा वेळा सगळ्या बाजूंनी ऐकला. मधला सूर, आखूड, गुबगुबीत, कुठूनही सारखा. मग फक्त तसाच आवाज शोधत गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वेलांच्या ढिगाखाली, अंगठी सापडली.

गावात ही बातमी पसरल्यावर काही जण यंत्र घेऊन जवळच्या किल्ल्यावर चलण्याचा आग्रह करू लागले. मी साफ नकार दिला. संरक्षित वास्तूच्या हद्दीत विनापरवाना खणणे गुन्हा आहे. इतरत्रही, 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. खणून उचललेल्या नाण्याबरोबर ते कोणत्या थरात, कशाशेजारी होते ही माहिती कायमची जाते, आणि आमच्या भागाचा इतिहास तर सातवाहनांपासूनचा आहे. त्याची अशी नासधूस माझ्या हातून व्हायला नको.

जुनी पायवाट

रानमेवा, दुसरी अंगठी ठेवून ऐकण्याची वहिनींची युक्ती अगदी योग्य आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा. हवेत वस्तू धरून घेतलेला आवाज आणि तीच वस्तू त्याच मातीत ठेवून घेतलेला आवाज यांत बराच फरक असतो, आणि काळ्या मातीत तर तो फारच मोठा.

सांजवारा

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. एक वही केली आहे. खणण्याआधी आकडा, सूर, दोन्ही दिशांचा आवाज, पिनपॉइंट सरकते का आणि माझा अंदाज, इतके लिहायचे आणि वस्तू निघाल्यावर तिचे नाव समोर टाकायचे. आतापर्यंत 112 नोंदी झाल्या. पहिल्या चाळीस नोंदींत माझे अंदाज बहुतेक चुकले. शेवटच्या चाळिसांत निम्म्याहून जास्त बरोबर आले, आणि सुधारणा मुख्यतः लोखंड ओळखण्यात आहे. ओढकडी अजून फसवते. बंदुकीच्या काडतुसाचे पितळी बूड मात्र आता ऐकताच कळते, आणि शिशाची गोळीही: आठही बाजूंनी तोच भरीव आवाज, जणू यंत्राने एकच शब्द आठ वेळा उच्चारला.

काल पहाटे दव होते, माती ओली होती. जुन्या बांधापासून वीस पावलांवर खिळ्यांच्या गुरगुरीत एक आखूड आवाज आला. 44, 52, मग नाही, मग 47. काटकोनात गेले, तिथेही आला, त्याच बिंदूवर. बुटाने माती सरकवली; आवाज जागेवर राहिला आणि त्याच्या कडा स्पष्ट झाल्या. वहीत ‘लहान, गोल नाही, लोखंड नाही’ असे लिहिले आणि खणले. वीतभर खाली, ढेकळाच्या कडेला, राखाडी रंगाची अर्धकोर होती. पाण्याच्या थेंबाने माती सैल केली, चोळली नाही. पेनीचा अर्धा तुकडा, क्रूसाच्या बरोबर मधून कापलेला. जागेचे अक्षांश-रेखांश लगेच टिपून घेतले.

दोन प्रश्न आहेत. याची नोंद कुठे आणि कशी करायची? आणि त्याच खड्ड्याच्या तळाशी अजून एक मंद आवाज येतो, फक्त एका दिशेने. मी तो तसाच ठेवून खड्डा बुजवला. बरोबर केले का?

जुनी पायवाट

अभिनंदन, आणि वहीसाठी विशेष अभिनंदन.

नोंदीसाठी तुमच्या परगण्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरना भेटा. 1997 मध्ये सुरू झालेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचे, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेचे, ते अधिकारी असतात. ते वस्तूचे वजन, छायाचित्र आणि जागा नोंदवून घेतात. एकटे सापडलेले नाणे सहसा 1996 च्या ट्रेझर अॅक्टमध्ये बसत नाही, पण एकाच ठेव्यातली, 300 वर्षांहून जुनी, सोन्याची वा चांदीची दोन नाणी सापडली की ते ‘ट्रेझर’ ठरते आणि 14 दिवसांत कळवणे कायद्याने बंधनकारक होते.

म्हणूनच खालचा आवाज तसाच ठेवलात हे उत्तम केलेत. एका दिशेचा आहे म्हणजे बहुधा खिळा असेल, पण तो नांगरटीच्या थराखाली असण्याचीही शक्यता आहे आणि तिथे आपण कुदळ घालायची नाही. अधिकाऱ्यांना अर्धी पेनी दाखवाल तेव्हा या आवाजाबद्दलही सांगा आणि वहीतले ते पान बरोबर न्या.